समूहाची सरासरी आणि एका रुग्णाचे हृदय

कोलकात्यात एस्प्लनेडवरून चौरंगी रस्त्याने दक्षिणेकडे काही मिनिटे चालत गेले की इंडियन म्युझियमची भव्य पांढरी वास्तू लागते. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन अॅनन्डेल येथेच काम करीत. १९२० साली नागपूरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्यांची गाठ प्रेसिडेन्सी कॉलेजातील भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी पडली. कोलकात्यातील अँग्लो-इंडियनांची शरीरमापे अॅनन्डेल यांच्याकडे होती. ती त्यांनी विश्लेषणासाठी महालनोबिसांच्या हाती सोपवली. त्यातून १९२२ मध्ये पहिला निबंध निघाला. पुढे १९३६ मध्ये 'महालनोबिस अंतर' हे सूत्र सिद्ध झाले.

या सूत्राचे मर्म साधे आहे. दोन समूहांच्या सरासरींतील फरक नुसता पाहून भागत नाही. समूहाच्या आत माणसे एकमेकांपासून किती वेगळी आहेत, त्या मापाने तो जोखावा लागतो. उंची आणि डोक्याच्या मापांसाठी घडलेला हा विचार आज हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिल्या जाणाऱ्या औषधालाही लागू पडतो.

रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर तिथे गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल दिले जाते. हे औषध पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातील सीवायपी२सी१९ हे विकर त्याला कार्यक्षम रूप देते. या विकराच्या जनुकात एका अक्षराचा बदल असला, तर विकर नीट घडत नाही. गोळी वेळेवर घेऊनही तिचा परिणाम अपुरा राहतो. २००९ मध्ये फ्रान्समधील हृदयविकाराच्या २,२०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी अँजिओप्लास्टी झालेल्या ज्या रुग्णांत जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या, त्यांच्यात मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण इतरांच्या साडेतीन पटींहून अधिक आढळले. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर ठळक इशारा छापायला लावला.

या जनुकाच्या प्रतींपैकी युरोपीय लोकांत सुमारे १५ टक्के, तर दक्षिण आशियात सुमारे एक-तृतीयांश प्रती या निकामी रूपाच्या असतात. म्हणून सगळ्याच भारतीयांचे औषध बदलावे काय? एक-तृतीयांश धरून हिशेब करून पाहावा. नऊ जणांमागे सरासरी चौघांत निकामी प्रत एकही नाही, चौघांत एक आहे आणि एकातच दोन्ही आहेत. म्हणजे 'भारतीय' या एका नावाखाली तीन प्रकारचे रुग्ण उभे आहेत. प्रासुग्रेल आणि टिकॅग्रेलॉर ही औषधे या विकरावर अवलंबून नाहीत. पण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सरसकट दिली, तर ज्यांना गरज नाही त्यांनाही तो धोका पत्करावा लागेल. कुणालाच दिली नाहीत, तर नववा माणूस उघडा पडेल.

जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने देशभरातील दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली केली. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जातीतच विवाह होत आलेल्या या देशात समूहागणिक प्रमाणे बदलतात, म्हणून अशा नोंदींचे मोल मोठे आहे. कोणत्या भागात चाचणीची सोय आधी हवी, हे त्या सांगू शकतील. मात्र खाटेवरच्या रुग्णाच्या दोन प्रती कोणत्या, हे त्याचे आडनाव किंवा प्रांत सांगणार नाही. ते त्याच्याच रक्ताच्या थेंबाला विचारावे लागेल.