प्रतिमासंयोजन, चित्रपटातील

वेगवेगळ्या वेळी चित्रित केलेल्या वा संगणकावर रचलेल्या प्रतिमा एका चौकटीत जुळवून एकसंध दृश्य निर्माण करण्याची प्रक्रिया. मूळ तपशील न गमावता थर जुळविणे ही तिची जुनी अडचण होय. प्रतिमा साठविण्याच्या पद्धतीची निवड त्यामुळेच महत्त्वाची ठरली.

महाराष्ट्रात दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी राजा हरिश्चंद्र (१९१३), लंकादहन (१९१७), कालिया मर्दन (१९१९) इ. मूकपटांत ट्रिक छायाचित्रणाचा उपयोग केला. त्या काळी रूढ असलेल्या एका रीतीत कॅमेऱ्यातील एकाच फिल्मवर दोन वा अधिक वेळा चित्रण करीत. नवी प्रत काढावी लागत नसल्याने स्पष्टता टिके. परंतु एक चूक झाल्यास आधीचे चित्रणही वाया जाई. पुढे थर वेगळे ठेवून ते विशेष मुद्रणयंत्राने नव्या फिल्मवर उतरविता येऊ लागले. यात चूक सुधारता येई. मात्र प्रत्येक प्रतीगणिक चित्र अधिक रवाळ होऊन तपशील उणावत असे.

संगणकामुळे प्रतीगणिक होणारी ही हानी टळली. १९८४ मध्ये टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी लाल, हिरवा व निळा या घटकांना पारदर्शकतेच्या चौथ्या, ‘अल्फा’ घटकाची जोड देऊन संयोजनाचे गणित मांडले. तथापि साठवणीचा प्रश्न उरला. २,०४८ × १,५५६ बिंदूंच्या चौकटीत प्रत्येक घटकास १६ बिट दिल्यास चार घटकांना सु. २५·५ मेगाबाइट जागा लागते. सेकंदाला २४ चौकटी धरल्यास ती ६१२ मेगाबाइट होते.

जेपेग स्वरूपात फाईल लहान होते. पण त्याच्या रूढ ८-बिट प्रकारात प्रत्येक घटकाच्या २५६ च पातळ्या असतात, पारदर्शकतेची नोंद नसते आणि संक्षेपणात तपशील कायमचा गळतो. रंग बदलताना आकाशात पट्टे उमटतात व हिरव्या पडद्यापुढील आकृतीच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. कोडॅकच्या सिनेऑन पद्धतीने फिल्मची घनता १० बिटांच्या लॉगॅरिथमीय मापात साठविली. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या अमेरिकन संस्थेने २००३ मध्ये खुल्या केलेल्या ओपनईएक्सआर स्वरूपात १६ बिटांचे चलबिंदू अंक वापरता येतात. त्यामुळे दिव्याच्या ज्योतीसारखे पडद्यावरील पांढऱ्याहून प्रखर मूल्यही टिकते. तपशील न गमावणाऱ्या संक्षेपणाची सोय त्यात असून आवश्यक तेवढेच घटक वेगळे वाचता येतात.

यास्तव सर्वांत लहान फाईल ही सर्वांत कार्यक्षम ठरत नाही. पाहणीपुरत्या प्रतीस जेपेग पुरते. संयोजनाच्या मधल्या टप्प्यांत मात्र गळालेला तपशील परत मिळत नसल्याने अधिक जागा घेणारे स्वरूपच अखेरीस काटकसरीचे ठरते.