तासगांवचें शिवार व जुने भूमापन-नकाशे

एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशांस आमचे संग्राहक मोडी कागदांच्या पंक्तीस बसवीत नाहींत. तासगांवापुरता तरी हा पंक्तिप्रपंच आम्हांस अनुचित वाटतो.

हें गांव भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ४७ के/१२ या पत्रांत अगदीं दक्षिण कडेस पडतें. १७ अक्षांशाची रेषा ओलांडतांच पुढील मुलूख ४७ एल/९ मध्यें जातो; सबब दोन्ही पत्रें जोडून वाचावीं.

पश्चिमेस येरळा ब्रह्मनाळाकडे कृष्णेस मिळावयास उतरते. तिच्या कांठच्या काळींत जीं बारीक वर्तुळें दिसतात त्या विहिरी होत. दप्तरांतलें 'मोटस्थळ' तें हेंच. माळ मात्र कोरा दिसतो, आणि येथेंच वाचक फसतो. कोरें म्हणजे ओसाड नव्हे. गांवचीं गुरें व धनगरांचीं मेंढरें त्याच रानावर जगत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशाच हलक्या जमिनींवर द्राक्षबागा उभ्या राहिल्या.

नकाशा शेताचे बांध दाखवीत नाहीं, कीं मोटेच्या पाळ्या. मिरासदार कोण, उपरी कोण, हें थळझाड्यासच विचारावें. उलट, थळझाड्यांतील थळ नेमकें कोठें, याचा माग नकाशावरील ओढा व विहीर देतात.

पत्रावर 'सातारा' असेल तर तें १९४९ पूर्वींचें, 'दक्षिण सातारा' असेल तर बहुधा १९६० पूर्वींचें, नंतर 'सांगली'. मोजणीचें वर्ष निराळें, छपाईचें निराळें. दोन्ही समासांत असतात. कांहीं हौशी मंडळी चौकटींत बसविण्यासाठीं नेमका तोच समास कापतात!