परहद्दीचा विद्यार्थी

अमेरिकेतील सरकारी शाळा फुकट असते, ही आपल्याकडे सर्वांनी ऐकलेली गोष्ट. परंतु ती ज्याच्या त्याच्या हद्दीपुरतीच फुकट असते, हे तिकडे गेलेल्या आपल्या माणसांस घर भाड्याने घेताना प्रथम उमगते. तिकडचा शाळा-जिल्हा म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे. पुष्कळदा एखाददुसऱ्या गावापुरता, स्वतःचे निर्वाचित मंडळ आणि घरजमिनीवरील कराचे उत्पन्न असलेला तो एक स्वतंत्र महालच. १६४७ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीने ५० कुटुंबांच्या प्रत्येक गावावर पंतोजी नेमण्याची सक्ती केली, तेव्हापासून शाळा ही गावाची जबाबदारी झाली. आणि पुढे ती गावच्या करावर चालू लागताच परक्याच्या मुलाने फी मोजावी, हा न्याय ओघानेच आला.

तो न्याय किती कठोर, हे टेक्ससमधील एका खटल्यात दिसते. आईबाप मेक्सिकोत आणि मुलगा शिक्षणासाठी मॅकॅलन गावी बहिणीकडे, अशा स्थितीत त्याला फुकट प्रवेश नाकारणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरविला. मामाकडे राहून शिकलेल्या आपल्या पिढ्यांना हा निवाडा विपरीतच वाटेल.

हद्द ओलांडण्याचे प्रयोग तत्पूर्वीही झाले होते. १९६६ साली बोस्टनच्या २२० कृष्णवर्णीय मुलांना सात उपनगरांनी आपल्या शाळांत घेतले. परंतु फीवाचून दुसऱ्या जिल्ह्याच्या शाळेत शिकण्याची मुभा देणारा, सबंध राज्याला लागू होणारा कायदा प्रथम केला मिनेसोटाने. खाणकामगाराचा मुलगा आणि व्यवसायाने दंतवैद्य असलेले गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी १९८५ साली ही कल्पना मांडली, आणि शिक्षकसंघांचा विरोध सोसून १९८८ साली कायदा संमत झाला. १९७१ साली शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा राज्याच्या तिजोरीने उचलला होता, म्हणूनच विद्यार्थ्यामागोमाग अनुदानही दुसऱ्या जिल्ह्यात पाठविणे शक्य झाले. माझ्या मते खरे श्रेय त्या जमाखर्चाचे.

मिनेसोटाच्या या कायद्याखाली शाळेला अर्जदाराचे पूर्वीचे गुण पाहता येत नाहीत. जागा अपुऱ्या असल्यास सोडत निघते. मात्र शाळेची पिवळी बस मुलाला घेते ती त्या शाळेच्या जिल्ह्याच्या सीमेपासून; तिथवर त्याला पोचविणे आईबापांकडे, आणि ज्या घरी मोटार नाही त्या घरी ही फीमाफी कागदावरच राहते. तिकडे बिऱ्हाड हलविणाऱ्यांनी, म्हणून, त्या राज्यात असा कायदा आहे काय, अर्जाची मुदत कोणती आणि बस कोठवर येते, याची चौकशी भाडेपट्टा करण्यापूर्वीच करावी.