ऑर्गनच्या खुंट्या, पेटीच्या खुंट्या

आपल्या धर्मग्रामातील गायकवृंदाच्या पेटीवर समोरच्या फळीत ज्या गोल खुंट्या असतात, त्यांना वादक ‘स्टॉपर’ म्हणतात. थांबविणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. प्रत्यक्षात खुंटी ओढली की सूर सुरू होतो! हे उलटे नाव कोठून आले, हे पाहू गेल्यास आम्हांला मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्तमंदिरांत जावे लागते.

तेथील जुन्या पाइप ऑर्गनवर निवड अशी नव्हतीच. एक स्वर वाजविला की त्याच्याशी जोडलेल्या लहानमोठ्या सर्व नळ्या एकदम गर्जत. इंग्लंडमधील विंचेस्टर येथील दहाव्या शतकातील ऑर्गनचे वर्णन वुल्फस्टन या मठवासीयाने केले आहे. त्यात ४०० नळ्या होत्या. प्रत्येक स्वराला १०. भाते चालविण्यास ७० माणसे लागत, असे तो सांगतो. हा आकडा कवीचा आहे, हिशेबनिसाचा नव्हे, असे आम्ही समजतो.

पंधराव्या शतकाच्या सुमारास कारागिरांनी या गर्जनेला लगाम घातला. नळ्यांच्या प्रत्येक ओळीखाली भोके पाडलेली लांब लाकडी पट्टी बसविली. पट्टी सरकून तिची भोके नळ्यांच्या तोंडांशी जुळली की हवा वर जाते. न जुळल्यास ती ओळ मुकी राहते. पट्टीला जोडलेला दांडा वादकाच्या हाताशी आला आणि त्याच्या टोकाला मूठ लागली. साधन जन्मले ते नको असलेले सूर थांबविण्यासाठी, आणि तेच नाव कायम राहिले. ऑर्गन उपासनेत रुजला त्यात या युक्तीचा वाटा फार मोठा आहे, असे आमचे मत आहे. एकट्या गायकामागे बासरीसारखी एकच ओळ, आणि सारी मंडळी गाऊ लागली की सर्व ओळी: एवढा विवेक त्या अजस्र यंत्राला आला. पॅरिसच्या सें-सुल्पीस ख्रिस्तमंदिरात कव्हाय्ये-कोल याने १८६२ मध्ये पूर्ण केलेल्या ऑर्गनवर अशा १०० खुंट्या होत्या.

लहान देवळांना हा थाट परवडणारा नव्हता. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने नळ्यांऐवजी पितळी पात्यांवर वाजणाऱ्या हार्मोनियमचे पेटंट घेतले. खुंट्या तेथेही राहिल्या. त्यांतील ‘एक्स्प्रेशन’ नावाची खुंटी ओढली की हवेचा साठा बाजूला पडे आणि वादकाच्या पायाचा दाब थेट पात्यांपर्यंत पोहोचे. पाय हलका तर सूर हलका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हे वाद्य बैठकीत मांडून वाजविण्याजोगे केले. भाता हातात आला, आणि त्या खुंटीचे काम बऱ्याच अंशी डावा हातच करू लागला. उरलेल्या खुंट्या येथील गाण्याच्या कामी आल्या. काही खर्ज आणि नर पात्यांच्या कप्प्यांना हवा देतात. काही काळी एक, काळी दोन असा एकच सूर अखंड धरून ठेवतात, तंबोऱ्याची उणीव भरून काढण्यासाठी. काही तर निव्वळ शोभेच्या असतात. कितीही ओढा, त्यांमागे काहीच नसते!

मात्र कोणतीही खुंटी ओढली तरी दोन पट्ट्यांमधील मींड निघत नाही. याच आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी केली; ती १९७१ मध्ये शिथिल होऊ लागली. ख्रिस्तसभेची वाट निराळी होती. परमगुरुस्वामी दहावे पायस यांनी १९०३ मध्ये ऑर्गनला मानाचे स्थान देऊन पियानोला मनाई केली होती. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान राखला; पण उपासनेस साजेशी अन्य वाद्येही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील, असे ठरविले. रेडिओचे दार बंद असतानाच पेटीसाठी वेदीजवळचे दार उघडले, आणि मराठी मिस्साबलीत ती तबल्यासह स्थिरावली.

आता अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आले आहेत. एका बटणावर तंतुवाद्यांचा ताफा, दुसऱ्यावर ढोल. वाद्य वाईट नाही, परंतु बटणे दाबण्याचा मोह आवरत नाही, आणि आवाज इतका चढतो की बाकांवरची मंडळी गायची थांबतात. विंचेस्टरची गर्जना परत आल्यासारखे वाटते.

ज्या धर्मग्रामात जुनी पेटी अडगळीत पडली असेल, तेथे ती मोडीत देण्यापूर्वी एवढे करून पाहावे. सर्व खुंट्या आत ढकलाव्यात आणि भाता भरावा. तो फुगून तसाच राहिला तर आतील चामडे शाबूत आहे. भराभर बसला तर हवा गळते आहे, आणि कुशल कारागिराला ते नव्याने चढविता येते.