मुठीतले दान



शिक्षणसंस्थेला देणगी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे एखादा शेठ नाहीतर संस्थानिक उभा राहतो, आणि दारावरच्या संगमरवरी पाटीवर त्याचे नाव. पण रयत शिक्षण संस्थेचा इतिहास पाहू लागलो, की तिच्या देणगीदारांत आपल्याला खेड्यातल्या बायका भेटतात. त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. आज सांगायचे आहे ते त्यांच्या दानाविषयी.

ही संस्था कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी स्थापन केली. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर 'आंघोळ करून मगच आत ये' असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही, आणि वसतिगृह सोडावे लागले. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले, तेव्हा सगळ्या जातिधर्मांची मुले एकाच पंगतीला बसवली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

पंगत बसली खरी, पण पानात वाढायचे काय? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना मुले वहिनी म्हणत. त्यांनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने एकेक करून विकले. अखेर मंगळसूत्राचीही पाळी आली. १९३० साली त्या वारल्या. पण एका घरचे सोने असे किती दिवस पुरणार?

तेव्हा भाऊरावांनी मूठभर धान्याची योजना चालवली. पहाटे जात्यावर दळायला बसण्याआधी घरच्या बाईने सुपातली एक मूठ निराळ्या मडक्यात टाकायची. आठवड्याने मुले झोळी घेऊन येतील, त्यांना ते धान्य द्यायचे. इतकेच. आपण जरा हिशेब करून पाहू. एक मूठ म्हणजे ४ तोळे धरा. १०० घरांचे रोजचे ४०० तोळे, म्हणजे ५ शेर झाले. एका मुलाला दिवसाला अर्धा शेर धान्य धरले, तर १०० घरांच्या मुठीवर १० मुले जेवतात, आणि एकाही घरचे जेवण उणे होत नाही!

पण धान्यापेक्षा मोठी गोष्ट आणखी एक होती. ज्या बाईने मूठ टाकली, तिला ते वसतिगृह आपले वाटू लागले. 'आमच्या धान्यावर शिकतोय पोरगा' असे ती म्हणू शकत होती. आणि मुलगा? तोही फुकट खात नव्हता. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असे संस्थेचे वचनच होते. मुलांनी खडी फोडली, माती वाहिली, माळरान शेतीखाली आणले, स्वतःचा स्वयंपाक स्वतः केला. त्यात शरीर कसले गेले आणि मानही ताठ राहिली. अशाच मुलांतले एक, बॅरिस्टर पी. जी. पाटील, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

ह्या आपलेपणाची कसोटी १९४८ साली लागली. सरकारशी मतभेद झाले आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. १९४७ सालीच साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले होते. पसारा मोठा, आणि तिजोरी रिकामी. दुसरी एखादी संस्था दाराला कुलूप लावून मोकळी झाली असती. रयतेची शाळा मात्र रयतेने सांभाळली. पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले.

याचा अर्थ मोठ्या देणग्या नकोत, असा नव्हे. नुसत्या मुठीवर कॉलेजची इमारत उभी राहत नाही. संस्थेने राजेरजवाड्यांची मदत घेतली, सरकारचीही घेतली. आजही पैशाचे मार्ग आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करणे भाग आहे. त्यातून शाळांना संगणक येतात, मुलांची आरोग्यतपासणी होते, खेळाचे साहित्य मिळते. येऊ द्या, जरूर घ्या. पण वरून आलेला पैसा वरूनच थांबूही शकतो. तो थांबला, तर गावातले कोण धावून येईल?

रयत शिक्षण संस्थेच्या शाखा आज सातशेच्या वर आहेत. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. जाती घरांतून गेली, ती मडकीही गेली. तेव्हा गुरुजनहो, आणि गावकरी मंडळी, आपल्या शाळेच्या देणग्यांची वही एकदा उघडून पाहा. तीत मोठे आकडे असतील तर चांगलेच आहे. पण गावातल्या किती घरांची मूठ तीत आहे, तेही मोजा. आणि ज्या मुलांसाठी हे सारे चालले आहे, त्यांच्या हातांना तीत काही वाटा दिला आहे का, तेही पाहा.