उन्हाळ्यातला बर्फ आणि रकाना नसलेली भाजी

दर वेळी मी हप्ता, व्याज आणि बँकेचं बोलते. आज जरा इतिहास सांगते. किल्ल्यांचा नाही, आपल्या परसातल्या भाजीचा.

चैत्रातली गोष्ट आहे. दुपारी ऊन इतकं होतं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. तीनच्या सुमाराला उत्तरेकडून काळंभोर आभाळ आलं, वारा सुटला आणि पत्र्यावर ताशा वाजावा तशा गारा पडायला लागल्या. आधी सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आत्याबाई डोक्यावर पाटी धरून शेळी सोडायला धावल्या. पंधरा मिनिटांत सगळं थांबलं. अंगण पांढरंफेक. पोरं ताटलीत गारा गोळा करत होती आणि आम्ही दोघी सासवा-सुना मांडवाकडे बघत उभ्या होतो. दोडक्याचा वेल जमिनीवर, वांग्याला एक पान नाही, मिरचीची फुलं चिखलात, गवारीचे नुसते दांडे. न्हाणीचं सांडपाणी वळवून-वळवून आत्याबाईंनी ती बाग वाढवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "उन्हाळ्यात बर्फ पडावा आणि तो माझ्याच दारात?"

पुढच्या आठवड्यात पंचनामा झाला. शेतातल्या कांद्याचा झाला. मी भाऊसाहेबांना परसातल्या भाजीचं विचारलं. ते भले माणूस, खरं तेच बोलले : "ताई, माझ्या कागदात त्याला रकानाच नाही."

तेव्हापासून माझ्या मनात दोन प्रश्न आहेत. उन्हाळ्यात बर्फ येतो कुठून? आणि आपल्या भाजीला रकाना का नाही?

पहिल्याचं उत्तर आभाळात आहे. फाल्गुन-चैत्रात आपली जमीन तापते आणि तापलेली हवा वर उसळते. समुद्राकडून आलेली वाफ तिच्याबरोबर वर जाते. चार-पाच किलोमीटर उंचीवर मात्र उन्हाळ्यातही पाणी गोठेल इतकी थंडी असते. तिथे थेंबाचा बर्फ होतो. खालून येणारा वारा तो कण तोलून धरतो, त्याच्यावर पाण्याचे थेंब चिकटून गोठत राहतात. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. मोठी गार फोडून बघा, पुष्कळदा आत कांद्यासारखे पदर दिसतात. म्हणजे जितका खालचा ताप जास्त आणि जितकी वरची हवा थंड, तितकी गार मोठी होण्याची भीती जास्त.

दुसरी थंडी जमिनीलगतची, हिवाळ्यातली. 17 जानेवारी 1935 ला पुण्यात पारा 1.7 अंशांवर उतरला होता. पुण्याच्या नोंदींत इतकी थंड रात्र दुसरी नाही. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली ऊब रातोरात आभाळाला देऊन टाकते. अशा पहाटे पानावरचं दव गोठतं आणि सकाळी पान उकडल्यासारखं काळं पडतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी स्ट्रॉबेरीवर असे हिमकण जमतात. निफाडचे द्राक्षवाले त्याच धास्तीनं पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

या थंडीचा अभ्यास आपल्या पुण्यातच झाला. शिवाजीनगरला जाताना कंडक्टर "सिमला ऑफिस" म्हणून ओरडतो ना, ते नाव हवामान खात्याच्या कचेरीवरून पडलं. 1928 मध्ये हे खातं सिमल्याहून पुण्यात आलं. 1932 मध्ये इथे शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग सुरू झाला आणि तो डॉ. रामदास यांच्याकडे आला. त्याच वर्षी त्यांनी आणि आत्मनाथन यांनी एक नवल दाखवून दिलं. शांत, निरभ्र रात्री सगळ्यात थंड हवा उघड्या जमिनीला टेकलेली नसते. ती जमिनीपासून साधारण वीत ते हात-दीड हात उंचीवर असते. बाहेरच्या शास्त्रज्ञांना ते लवकर पटलं नाही. आज जगभर त्याला "रामदास थर" म्हणतात. आता आपल्या वाफ्यात उभ्या राहा आणि बघा. वीत-दोन वीत उंचीवर काय असतं? मिरचीचा शेंडा, वांग्याचं फूल, मेथीची पानं.

याच खात्यात पुढे 1948 पासून अ‍ॅना मणी नावाच्या बाई पुण्यात काम करत होत्या. हवामान मोजायची उपकरणं परदेशातून आणावी लागत. बाईंनी जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे पक्के करून ती देशात बनवायला घेतली. अचूक मोजल्याशिवाय हवामान कळत नाही, असा त्यांचा हट्ट होता. ऊन, वारा, पाऊस आपल्याकडे मोजला गेला, त्यात एका बाईचा एवढा मोठा हात आहे.

ऊन-वारा मोजला गेला, मग आपली भाजी का मोजली गेली नाही? हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर महसुलाच्या दप्तरात आहे. इंग्रजांनी जमीन मोजली ती सारा वसूल करायला. साऱ्यासाठी पीक किती आलं ते बघायचं, म्हणून आणेवारी आली. पुरं पीक म्हणजे सोळा आणे. नंतर तिची पैसेवारी झाली. ती पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती, हा हिशोब आपण अजून ऐकतो. नमुना सातवर मालकाचं नाव आणि नमुना बारावर पीक, असा आपला सातबारा. पण गावठाणावर सारा नव्हता, म्हणून गावठाणाला सातबाराही नाही. घर गावठाणात, परस घरामागे. म्हणजे ज्वारी दप्तरात आली आणि घोसाळी बाहेर राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खडकवासल्याचा कालवा दौंडकडे आला, पुढे शिरूरला घोड धरण झालं. ऊस आला, बागायत मोठी झाली. त्याचीही नोंद झाली. न्हाणीच्या पाण्यावरची चार वांगी जिथल्या तिथे राहिली.

आता 2014 आठवा. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट झाली. कुठे एकदा, कुठे पुन्हापुन्हा. 28 जिल्ह्यांना झळ लागली. सुमारे 18 लाख हेक्टरवरची पिकं गेली. गहू, हरभरा, कांदा, द्राक्ष, डाळिंब. सरकारनं 4,000 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तेव्हा मदतीला निम्म्याहून जास्त नुकसान लागत असे. 2015 मध्ये ती अट 33 टक्क्यांवर आली. गारपीट आपत्तीच्या यादीत आधीपासून होती, थंडीची लाट आणि हिमकण 2012 मध्ये आले. हे सगळं चांगलंच झालं. पण मदत हेक्टरवर मिळते आणि सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच मिळते. आपल्यातल्या कितीजणींचं नाव तिथे आहे? हात वर करा म्हटलं तर बैठकीत दोन-तीनच हात वर होतात, हे मी दर वर्षी बघते.

तेही आपोआप बदलत नाही, बायांनी मागितल्यावर बदलतं. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करावा. 1992 मध्ये सरकारनंही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं, त्यानुसार नवऱ्यानं अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. 2003 मध्ये घर दोघांच्या नावे करण्याचा निर्णय झाला. आणि गावठाण? त्याची ड्रोननं मोजणी करून बघायला घेतली ती आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीत. 2020 पासून स्वामित्व योजनेत ही मोजणी देशभर चालू झाली आणि घराला मिळकत पत्रिका मिळू लागली. इतक्या वर्षांनी आपलं परस नकाशावर आलं. त्यातल्या भाजीला मात्र अजून रकाना नाही.

मग आपण काय करायचं? शेताच्या कडेला दोन गुंठे भाजी असेल तर ती पीक पाहणीत नोंदवा. ऑगस्ट 2021 पासून ही नोंद मोबाईलवरून शेतकऱ्यानं स्वतः करायची आहे. घरातल्या कारभाऱ्यानं "ऊस" एवढंच टाकून मोकळं होऊ नये, बाजूला बसून भाजीही घालायला लावा. गारठ्याच्या दिवसांत संध्याकाळी वाफ्याला पाणी द्या, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते. रोपावर जुनं लुगडं नाहीतर पाचट टाका आणि ऊन आलं की काढा. गारांपुढे लुगडं टिकत नाही, पण रोपांची एक वाफी पडवीत असू द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी लागण करता येते. आम्ही तशीच केली. आत्याबाईंनी मोडलेल्या वांग्याचे शेंडे छाटले, त्याला पुन्हा फुटवे आले.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. त्या गारपिटीच्या महिन्यात आमच्या गटात चौघींची बचत आली नाही. भाजी विकून त्या पैसे भरायच्या. सचिव ताईंनी इतिवृत्ताच्या वहीत ओळ लिहिली : "गारा पडल्यामुळे भाजी गेली, म्हणून चौघींना पुढच्या महिन्यापर्यंत सवलत." सही आणि अंगठे. परवा जुन्या वह्या चाळताना ती ओळ सापडली. आत्याबाईंच्या बागेचा दुसरा कुठलाही पुरावा या जगात नाही.

म्हणून सांगते, यंदा गारा पडल्या, कडाका पडला, तर पहिल्या बैठकीत वहीत लिहा. तारीख, वेळ, गार केवढी होती, कोणाची कोणती भाजी गेली, आठवड्याला किती रुपयांची होती. एका गटाची ओळ म्हणजे तक्रार वाटेल. दोन तालुक्यांतल्या सगळ्या गटांच्या ओळी ग्रामसभेत एकत्र वाचल्या, तर रकाना मागायला आपल्या हातात काहीतरी असेल.

वही घरी असेल तर आजच उघडा. भेटू पुढच्या बैठकीत. नमस्कार.