निवडणूक विद्यार्थ्यांच्या हाती : जेएनयूमधील निवडणूक समितीचा इतिहास

विद्यार्थी संघाची निवडणूक कोणी घ्यावी, हा प्रश्न भारतातील बहुतेक विद्यापीठांत प्रशासनानेच निकाली काढलेला असतो. अर्ज स्वीकारणे, त्यांची छाननी करणे आणि मते मोजणे ही कामे अधिकारी व प्राध्यापक यांच्याकडे असतात आणि विद्यार्थ्याची भूमिका उमेदवार किंवा मतदार एवढीच उरते. 1969 मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, मात्र सत्तरच्या दशकाच्या आरंभी विद्यार्थ्यांनी आपल्या संघाची घटना स्वतः तयार केली आणि निवडणूक घेण्याची जबाबदारीही विद्यार्थ्यांच्याच समितीकडे ठेवली.

या समितीचे मूळ सर्वसाधारण सभेत आहे. 'स्कूल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येक विद्याशाखेतील विद्यार्थी आपल्या सभेत समितीसाठी सदस्य सुचवतात आणि हे सदस्य आपल्यातूनच मुख्य निवडणूक आयुक्त निवडतात. अधिसूचना काढणे, अर्जांची छाननी, अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादसभा, मतदान, आणि मतपत्रिका हाताने मोजत रात्रंदिवस चालणारी मतमोजणी ही सारी कामे समिती पार पाडते. तिच्यापाशी ना पोलीस असतात ना वेतन; निकाल मान्य होतो तो केवळ पराभूत पक्षानेही तिला आधीच मान्यता दिलेली असते म्हणून, आणि हेच या व्यवस्थेचे खरे मोल आहे. आणीबाणीत संघाचे अध्यक्ष देवी प्रसाद त्रिपाठी यांना अटक झाली (पुढे ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले), तरी आणीबाणीनंतर ही परंपरा पुन्हा उभी राहिली आणि सीताराम येचुरी यांच्यासारखे अध्यक्ष तिच्यातूनच निवडून आले.

महाराष्ट्राने नेमका उलट मार्ग धरला. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर 1994 च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेच्या आधारे विद्यार्थी परिषदा बनवण्याची पद्धत आणली. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, पण तिची सूत्रे शासन व विद्यापीठ यांच्याकडेच राहिली. हिंसा थांबवण्यासाठी मतदानच थांबवणे हा उपाय दोन दशकांहून अधिक काळ टिकला आणि त्यात विद्यार्थ्यांच्या किमान एका पिढीला निवडणूक चालवण्याचा कसलाच अनुभव मिळाला नाही, ही हानी सहसा मोजली जात नाही.

देशपातळीवर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आल्यावर माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशी न्यायालयाने सप्टेंबर 2006 मध्ये लागू केल्या. उमेदवाराचा खर्च कमाल 5000 रुपये, छापील भित्तिपत्रकांना बंदी, वय आणि हजेरी यांच्या अटी, पदाधिकारी म्हणून एकदाच उभे राहण्याची मुभा अशा या शिफारशी होत्या. पैसा आणि गुंडगिरी यांना आवर घालण्याचा त्यांचा हेतू निःसंशय प्रामाणिक होता आणि जेएनयूसारख्या लहान परिसरात थेट निवडणूक घेण्यास समितीने अनुकूलताच दाखवली होती. तरीही आचारसंहितेच्या भंगाबद्दलच्या तक्रारी ऐकण्यासाठी विद्यार्थी कल्याण अधिष्ठात्यांच्या अध्यक्षतेखाली कक्ष नेमण्याची तरतूद त्यांत होती. निवाड्याचा अधिकार अशा रीतीने प्रशासनाकडे सरकला, आणि विद्यार्थ्यांच्या समितीची स्वायत्तता कमकुवत होण्याची भीती तेथूनच सुरू झाली.

या शिफारशींचे पालन होत नसल्याच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2008 मध्ये जेएनयूतील निवडणुकीला स्थगिती दिली. काही अटी शिथिल झाल्यानंतर मार्च 2012 मध्ये निवडणूक झाली, तेव्हा मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या एकदाही मत न देता विद्यापीठातून बाहेर पडल्या होत्या. त्यानंतरच्या निवडणुकाही समितीला सोप्या गेल्या नाहीत : 2018 मध्ये गोंधळामुळे मतमोजणी काही तास थांबवावी लागली, चार वर्षांच्या खंडानंतर निवडणूक झाली ती मार्च 2024 मध्ये, आणि एप्रिल 2025 मध्ये समितीने आपल्या कार्यालयावरील तोडफोड व धमक्या यांचे कारण देऊन प्रक्रिया स्थगित केली. ती पुन्हा सुरू होऊन 25 एप्रिलला मतदान झाले, आणि ते घेतले याच विद्यार्थ्यांच्या समितीने.